विळा फिरला म्हणून फुले राहिली

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवारांविषयी निसर्गप्रेमी मंडळींत एक समजूत इतकी घट्ट बसली आहे की तिच्यासाठी आता कोणी पुरावा मागत नाही. मेलेल्यांच्या जमिनीला जिवंत माणूस हात लावत नाही, ही ती समजूत. शेकडो वर्षे तिथे नांगर गेला नाही, घर उठले नाही, भीतीने आणि श्रद्धेने लोक लांब राहिले. म्हणून आजूबाजूचा मुलूख शेतीने आणि डांबराने गिळला तरी त्या एक-दोन एकरांत रानफुले, अळंब्या, वटवाघळे, पाखरे टिकली, असे सांगितले जाते. मग सल्लाही त्याच ओघात येतो: या जागा आहेत तशा सोडून द्या, गवत वाढू द्या, झुडपे माजू द्या, निसर्ग आपले आपण पाहून घेईल.

मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागत नाही. आपल्याकडे देवराई आहे, कोकणात देवरहाटी आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिले, तेव्हापासून देवाच्या धाकाने राखलेले रान ही कल्पना आपल्या शिकलेल्या वर्गाच्याही अंगवळणी पडली. त्यामुळे चर्चचे आवार म्हणजे इंग्रजांची देवराई, हे समीकरण आपण सहज मांडून मोकळे होतो. मला ते समीकरण चुकीचे वाटते, आणि त्यातून निघणारा सल्ला तर घातक वाटतो. इंग्लंडच्या दफनभूमीतली समृद्धी माणूस दूर राहिल्यामुळे टिकलेली नाही. माणूस तिथे वर्षानुवर्षे, ठरावीक वेळी, ठरावीक काम करायला येत राहिला, म्हणून ती टिकली.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. इंग्लंड आणि वेल्समधली नैसर्गिक वळणाची सखल गवताळ कुरणे १९३०च्या दशकापासून १९८४पर्यंतच्या काळात ९७ टक्के नाहीशी झाली, असा हिशेब आर. एम. फुलर यांनी १९८७ साली मांडला आणि तो आजही सर्वत्र उद्धृत होतो. रासायनिक खत आले, नांगरून पेरलेले एकजातीचे गवत आले आणि जुनी कुरणे गेली. उरलेल्या तीन टक्क्यांत चर्चच्या आवारांचा वाटा त्यांच्या आकाराच्या मानाने खूपच मोठा आहे. अशा लहानमोठ्या दफनभूमी तिथे वीस हजारांच्या आसपास आहेत. मेमध्ये काउस्लिप, जूनमध्ये ऑक्स-आय डेझी, कुठे कुठे हिरव्या शिरांच्या पाकळ्यांचे जांभळे ऑर्किड आणि शरदात वॅक्सकॅप नावाच्या लाल, पिवळ्या, गुलाबी, मेणचट टोप्यांच्या अळंब्या. या अळंब्यांना खत अजिबात सोसत नाही. एकदा जमिनीला खत दिले की त्या पुढे कित्येक दशके फिरकत नाहीत. दगडफुलांची गोष्ट तर आणखी ठळक आहे. ब्रिटनमध्ये दगडफुलांच्या सुमारे दोन हजार जाती आहेत आणि त्यांतल्या सातशेहून अधिक चर्चच्या आवारांत नोंदल्या गेल्या आहेत. एकाच आवारात शंभराहून अधिक जाती सापडणे हेही तिथे नवलाचे राहिलेले नाही.

तेव्हा वैविध्य आहे, याबद्दल माझा वाद नाही. वाद कारणाचा आहे. कारण चुकले की उपाय चुकतो, आणि चुकीच्या उपायाने हेच वैविध्य दहा-वीस वर्षांत संपवता येते.

पहिली गोष्ट, ही जमीन ‘न हललेली’ आहे हेच खरे नाही. जुन्या इंग्लिश खेड्यातल्या चर्चचे आवार बाहेरच्या रस्त्यापेक्षा हातभर, कुठे कमरेइतके उंच दिसते. ऑलिव्हर रॅकम यांच्यासारख्या भूदृश्याच्या इतिहासकाराने अंदाज बांधला की सामान्य खेड्यातल्या आवारात किमान दहा हजार माणसे पुरलेली असावीत. खेडे लहान, पण पुरण्याचा काळ हजार वर्षांचा. जुनी थडगी लाकडाच्या फळीची, तीही पुढे कुजून जाणार. दगडी पाट्यांची रीत सामान्यांत बरीच उशिरा आली. म्हणजे त्याच मातीत पुन्हा पुन्हा खड्डा पडला, माती वर आली, खाली गेली, हाडे बाजूला सारली गेली. शेतकऱ्याच्या नांगराने इतक्या खोलवर जमीन कधी उलथली नसेल. तिथे नांगर फिरला नाही हे बरोबर, पण फावडे सतत फिरत होते. हात न लागलेली जमीन म्हणायची तर निदान ही नव्हे.

दुसरी गोष्ट गवताची. चर्चच्या आवारातले गवत हे पाद्र्याच्या हक्काचे उत्पन्न होते. तो ते कापून वैरण करी, किंवा मेंढ्या सोडी, किंवा दुसऱ्याला चरायला देई. गवत हे जनावराचे अन्न आहे, आणि जनावर हे त्या काळातले भांडवल. एकरभर चांगले गवत कोणी फुकट वाळू देईल, ही कल्पनाच कष्टकरी समाजाला परकी आहे. उन्हाळा भरात आला की लांब दांड्याचा विळा घेऊन कापणारा येई. फुले येऊन गेलेली असत, बी पडलेले असे, मग गवत आडवे होई, दोन दिवस उन्हात वाळे आणि गाडीत भरून बाहेर जाई. पुढे शरदात मेंढ्या उरलेले खुरटून टाकत. हा क्रम शतकानुशतके चालला. काउस्लिप आणि ऑर्किड या हा क्रम अंगवळणी पाडून घेतलेल्या वनस्पती आहेत. विळा येण्याआधी फुलून बी टाकायचे आणि नंतरच्या आखूड गवतात, भरपूर उजेडात, नव्या रोपांनी डोके वर काढायचे, हे त्यांचे वेळापत्रक झाले.

हे नुसते तर्काने सांगतो असे नाही. लंडनच्या उत्तरेला हार्टफर्डशरमध्ये रॉथॅमस्टेड हे शेतीसंशोधनाचे जुने केंद्र आहे. तिथे जॉन बेनेट लॉझ आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८५६ साली एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडले. काहींना खत दिले, काहींना काहीच दिले नाही. गवत मात्र सगळ्यांचे दरवर्षी कापले आणि उचलून नेले. ‘पार्क ग्रास’ नावाचा तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्याला आजवर चिमूटभर खत मिळाले नाही, तिथे चाळीसच्या आसपास वनस्पती नांदतात. ज्यांना अमोनियम सल्फेटचा भरपूर मारा झाला आणि आम्लता घालवायला चुनाही मिळाला नाही, तिथे दोन-तीनच उरल्या. गवत उंच, हिरवेगार, डोळ्यांना सुखावणारे, आणि जवळजवळ एकाच जातीचे.

त्याच संस्थेतला दुसरा प्रयोग माझ्या मुद्द्याला आणखी जवळचा आहे. ब्रॉडबाल्क नावाच्या गव्हाच्या शेतातला एक कोपरा, अदमासे अर्धा एकर, १८८२ साली तसाच सोडून दिला. गहू कापला नाही, नांगर घातला नाही, सभोवती कुंपण केले आणि काय होते ते पाहत राहिले. चार वर्षांत गव्हाची मोजकी, खुरटलेली रोपे उरली आणि मग तीही गेली. गवत आले, झुडपे आली, हॉथॉर्न, अॅश, सिकॅमोर आले, आणि एका माणसाच्या आयुष्यात तिथे गर्द झाडी उभी राहिली. आज ती पुरते जंगल आहे. त्याच कोपऱ्याच्या अर्ध्या भागातून मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दरवर्षी झाडांची रोपे उपटून काढली जातात. तिथे आजही झाड नाही. कुंपण एक, माती एक, पाऊस एक. फरक फक्त माणूस दरवर्षी येऊन काही करतो की नाही, एवढाच. इंग्लंडच्या दमट हवेत सोडून दिलेल्या गवताळ जमिनीचे जंगल होते, याला अपवाद फार थोडे. ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्याला कुरण हवे असेल तर तो नेमका उलटा उपाय सांगतो आहे.

यात एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. नुसते कापणे पुरत नाही, कापलेले उचलून नेणे महत्त्वाचे. गवत कापून तिथेच टाकले तर ते कुजते आणि त्यातला नायट्रोजन, स्फुरद परत मातीत जातो. जमीन पोसली जाते आणि मग दांडगी गवते, नेटलसारख्या खाजऱ्या वनस्पती, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या बाकीच्यांना दाबून टाकतात. शेतकऱ्याला सुपीक जमीन हवी असते. रानफुलांच्या कुरणाला हलकी, उपाशी जमीन लागते. शतकानुशतके वैरण बाहेर गेल्यामुळे चर्चच्या आवारातली माती अशी हलकी राहिली, तीही खाली हजारो देह कुजत असताना.

या कुरणातली एक वनस्पती मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. यलो रॅटल. वीतभर, फार तर हातभर उंचीचे वर्षायू रोप, पिवळे ओठाळ फूल, मागून फुगीर चपटी बोंडी. बी पिकले की वाऱ्यावर बोंड्या खुळखुळतात. जमिनीवर ते इतर कोणत्याही रोपासारखे हिरवे दिसते आणि आपले अन्न आपण तयारही करते. पण मातीखाली त्याची मुळे शेजारच्या गवताची मुळे चाचपत जातात, जिथे गाठ पडेल तिथे बारीक गाठीसारखे शोषक अवयव चिकटवतात आणि गवताच्या नळ्यांतले पाणी व क्षार ओढून घेतात. आपल्याकडे आंब्यावरचे बांडगूळ फांदीवर जे करते, ते हे रोप मुळांवर करते. गवत खुरटते, त्यात फटी पडतात आणि त्या फटींतून डेझी, क्लोव्हर, ऑर्किड वर येतात. आता याचे बी पाहा. ते मातीत फार काळ जिवंत राहत नाही. यंदाचे बी पुढच्या वसंतात रुजले नाही तर बहुतेक गेलेच. रुजण्यासाठी त्याला उघडी माती आणि उजेड लागतो, म्हणजे आदल्या वर्षी गवत कापून उचललेले असावे लागते. दोन-तीन वर्षे विळा फिरला नाही की वाळक्या गवताच्या गादीखाली बी गुदमरते आणि रोप नाहीसे होते. ते गेले की गवताला वेसण घालणारे कोणी राहत नाही. जे रोप एवढे काम करते, ते माणसाच्या वार्षिक फेरीवर असे पूर्णपणे अवलंबून आहे.

पिवळ्या कुरण-मुंग्यांची वारुळेही हेच सांगतात. गवताने मढलेले हे छोटे उंचवटे वर्षांगणिक वाढतात. जिथे ते मोठे दिसतात तिथे जमीन दीर्घकाळ नांगरली गेली नाही हे ओळखावे. हिरवा सुतार पक्षी त्या मुंग्यांवर जगतो. पण मुंग्यांना वारुळावर ऊन लागते. गवत कमरेइतके वाढले, सावली पडली, की त्या वारूळ सोडतात.

‘बरे, गवताचे मान्य,’ असे प्रतिपक्ष म्हणेल, ‘पण दगडफुले? त्यांना तर खरोखरच कोणी हात लावत नाही.’ इथे तर अस्पर्शाचा सिद्धांत मुळापासूनच ढासळतो. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्याच जातकुळीतले हे जीव, बुरशी आणि शैवाल एकत्र नांदून झालेले. नॉर्फक, सफकसारख्या पूर्वेकडच्या परगण्यांत उघडा कातळ जवळजवळ नाहीच. माती, चकमकीचे गोटे, खडूसारखा मऊ चुना, बस. कातळावर जगणाऱ्या दगडफुलांनी तिथे जायचे कुठे? माणसाने कातळ आणून दिला. बार्नाकच्या खाणीतला चुनखडक नदीनाल्यांतून होड्यांनी आला, नॉर्मंडीतल्या कान शहराचा दगड समुद्र ओलांडून आला. पुढे रेल्वेने वेल्सची पाटी आली, ग्रॅनाइट आला, इटलीचा संगमरवर आला. एका एकरात आम्लधर्मी वालुकाश्म, अल्कधर्मी चुनखडक, गुळगुळीत पाटी आणि खडबडीत ग्रॅनाइट शेजारी शेजारी, तेही चारी दिशांना तोंडे करून उभे, अशी रचना निसर्गात कुठेच मिळत नाही.

अठराव्या शतकातली चुनखडकाची एखादी पाटी भिंग घेऊन पाहिली तर हे स्पष्ट दिसते. माथ्याच्या कडेवर पाखरे बसतात, त्यांची विष्ठा पडते. तिथे नायट्रोजन मानवणारे झॅन्थोरिया भडक पिवळ्या-नारिंगी रंगात पसरलेले असते. दक्षिणेच्या उन्हाळ अंगावर कॅलोप्लाकाची नारिंगी वर्तुळे असतात, जुन्यांचा मध्य गळून गेलेला आणि कडा अजून बाहेर सरकत असलेली. उत्तरेकडच्या सर्द अंगावर राखाडी-हिरवी भुकटी फासल्यासारखी लेप्रारिया. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत ओल टिकते, तिथले रहिवासी आणखी वेगळे. यांतल्या पुष्कळांची वाढ वर्षाला मिलिमीटरभरही नसते. मृत्यूचे साल पाटीवरच कोरलेले असल्याने वर्तुळाचा व्यास मोजून वाढीचा वेग काढता येतो. रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९५० साली हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडराशींचे वय दगडफुलांवरून मोजण्याची पद्धत पुढे आणली. त्या पद्धतीला ठरावीक तारखेचे दगड लागतात, आणि ते दफनभूमीइतके नेमके दुसरीकडे क्वचितच मिळतात.

दगड आणला माणसाने, उभा केला माणसाने, कोरला माणसाने. एवढेच नाही, तो उजेडात ठेवला तोही माणसाने. आवार माजू दिले की आयव्हीची वेल पाटीवर चढते, वर सिकॅमोरची सावली पडते आणि दोनशे वर्षांचे नारिंगी वर्तुळ दहा-पंधरा वर्षांत मरते. याच्या उलट टोकाचे नुकसानही मी विसरत नाही. पूर्वजाचे नाव वाचता यावे म्हणून तारेच्या ब्रशने पाटी खरवडणारे, ब्लीच ओतणारे, गवत कापायचे यंत्र सरळ चालावे म्हणून पाट्या उपटून भिंतीकडेला रांगेत लावणारे, यांनी दगडफुलांचा मोठा संहार केला. पाटीचे तोंड फिरवले की तिच्यावरच्या जिवांचे ऊन-पावसाचे गणित बदलते.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट उदाहरण घेऊ: लंडनची व्हिक्टोरियन दफनस्थाने. हायगेट १८३९चे, अॅबनी पार्क १८४०चे. शहरातली चर्चची आवारे प्रेतांनी भरून वाहू लागली तेव्हा खासगी कंपन्यांनी शहराच्या कडेला ही मोठी दफनस्थाने काढली. पुढे जागा भरली, उत्पन्न आटले, कंपन्या डबघाईला आल्या आणि विसाव्या शतकात झाडी माजली. हायगेटच्या बंद काळोख्या तळघरांत मेटा बोर्नेटी नावाचा गुहेतला दुर्मीळ कोळी सापडला. दुर्लक्षातून समृद्धी आली याचा हा पुरावाच नाही का?

माझे उत्तर असे. त्या कोळ्याला जी अंधारी, दमट गुहा मिळाली ती गवंड्याने बांधलेली आहे. अॅबनी पार्कमध्ये तर पहिल्या दिवसापासून लॉडिजेस या हॅकनीच्या नामांकित रोपवाटिकेने झाडाझुडपांचे अडीच हजार प्रकार वर्णक्रमाने लावले होते. ते दफनस्थान सुरुवातीपासून वृक्षोद्यान होते. दुर्लक्षाने जी भर घातली ती मुख्यतः अॅश आणि सिकॅमोरची, आणि ही झाडे रेल्वेच्या कडेलाही फुकट उगवतात. झाडी आली, तिच्याबरोबर घुबड आले, टिटमाउस आले, याचा मला आनंदच आहे. पण पन्नास वर्षांची झाडी पन्नास वर्षांत पुन्हा मिळते. तीनशे वर्षे न खतावलेले कुरण एकदा गेले की कोणाच्याही हयातीत परत येत नाही. शिवाय हायगेटच्या मित्रमंडळाने १९७५पासून पहिले काम कोणते केले असेल तर थडगी फोडणारी झाडे काढण्याचे. पूर्व लंडनचे टॉवर हॅमलेट्स दफनस्थान १९६६ साली बंद झाले. आज तिथे फुलपाखरे दिसतात ती स्वयंसेवकांनी झाडी मोकळी करून राखलेल्या, दरवर्षी कापलेल्या गवताळ जागांत.

बर्लिनच्या वाइसेनझे ज्यू दफनभूमीबद्दल बोलताना ‘दुर्लक्षाचे वरदान’ असा शब्दप्रयोग कोणी केला तर मला तो सोसवत नाही. १८८० साली सुरू झालेली ही ४२ हेक्टरांची जागा, एक लाख पंधरा हजारांहून अधिक थडगी. ज्यू परंपरेत थडगे कायमचे असते. जर्मनीतल्या इतर दफनस्थानांसारखी ठरावीक वर्षांनी जागा रिकामी करून दुसऱ्याला देत नाहीत. म्हणून तिथे जुने दगड, जुनी झाडे राहिली. पण रान माजले ते थडग्यांवर येणारी कुटुंबेच मारली गेली, हाकलली गेली म्हणून. इंगो कोवारिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या जागेच्या जैवविविधतेवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातूनही दिसते ते हेच, की ही समृद्धी केवळ माजलेल्या रानात नाही. राखलेले भाग, अर्धवट राखलेले भाग आणि रान यांच्या सरमिसळीत ती आहे.

व्हिएन्नाच्या दफनभूमींत तर माणसाशी असलेल्या नात्याचा धागा आणखी उघड आहे. युरोपातला रानटी हॅम्स्टर २०२०पासून ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. आधुनिक शेतीने त्याला शेतातून हुसकावले. तो या दफनभूमींच्या आखूड राखलेल्या हिरवळीत बिळे करून राहतो, थडग्यांवर वाहिलेली फुले खातो, काचेच्या दिव्यात डोके घालून मेणबत्तीचे मेणही गालांच्या पिशव्यांत कोंबतो. थडग्यावर दिवा लावायला येणारा माणूस थांबला, तर त्याचे ताट कमी होईल.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात हीच गोष्ट आगीच्या रूपाने येते. तिथे एके काळी क्षितिजापर्यंत उंच गवताची प्रेअरी होती. जॉन डीअरने १८३७ साली पोलादी नांगर काढला आणि पुढच्या काही दशकांत ती जवळजवळ सगळी मक्याखाली गेली. उरली ती काही रेल्वेलगतच्या पट्ट्यांत आणि पहिल्या वसाहतकारांच्या दफनभूमींत. मॅक्लीन परगण्यातली वेस्टनची दफनभूमी अवघी पाच एकरांची, पण नांगराआधीचे गवत तिथे पाहायला मिळते. नांगर गेला नाही म्हणून ते वाचले, हे पूर्वपक्षाचे म्हणणे इथे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे असे की प्रेअरीला ठरावीक काळाने वणवा लागतो. मूळ रहिवासी तो लावत; आज संवर्धन करणारे तो मुद्दाम, वारा पाहून, लावतात. न लावला तर झुडपे चढतात.

पूर्वपक्षाला द्यायचे ते मी द्यायला तयार आहे. तुर्कस्तानात ऑर्किडचे कंद सालेप या पेयासाठी बेसुमार उकरले जातात, आणि मुसलमानी कबरस्तानांत ऑर्किड टिकून आहेत ते पुष्कळ अंशी मृतांच्या आदरामुळे. तरी कबरींमधूनही कंद उकरल्याच्या खुणा अभ्यासकांना दिसल्या आहेत, म्हणजे तो आदरही अभेद्य नाही. इथिओपियाच्या उत्तर पठारावर ऑर्थोडॉक्स चर्चभोवतीच्या राया म्हणजे उजाड शेतांतली हिरवी बेटे. तिथे मूळ जंगलच अपेक्षित असल्याने गुरे बाहेर राहिली पाहिजेत. पण ती आपोआप राहत नाहीत. अलेमायेहू वासी आणि मार्गारेट लोमन यांनी पुजाऱ्यांना आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन शेतांतले दगड वेचून भिंती उभारायला लावल्या, तेव्हा नवी रोपे वर येऊ लागली. आपली देवराईही याच जातीची: वनाची जागा, वनाचे नियम, आणि ते नियम मोडणाऱ्याला जाब विचारणारे गाव. गाव उठून मुंबईला गेले की देवराईचे काय होते, हे कोकणात कोणालाही विचारावे.

आपल्या देशात ‘माणूस काढा, निसर्ग वाचेल’ या समजुतीची किंमत एकदा मोजून झाली आहे. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत १९८२ साली म्हशींची चराई बंद केली. सलीम अली यांचाही बंदीला पाठिंबा होता. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. नंतर सलीम अली यांच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून दिसले की म्हशी गेल्यावर पास्पेलम गवताने पाणी व्यापले आणि पक्ष्यांना, माशांना त्याचा फटका बसला. सोसायटीने चराईच्या बाजूने शिफारस केली. आपलाच आधीचा आग्रह पुराव्यापुढे मागे घ्यायला विद्वत्तेचे बळ लागते. ते त्या अभ्यासात होते. कासच्या पठारावरही फुलांच्या रक्षणासाठी जाळी घातली, गुरांचा वावर थांबला, त्याचा फुलांवर काय परिणाम होतो यावर साताऱ्यात वर्षानुवर्षे वाद चालला आणि अखेर जाळी काढली गेली.

आणि मलबार हिलवरची डुंगरवाडी, पारशांचे मृतदेह गिधाडांना सोपवण्याची जागा? मृतांसाठी राखलेली, भिंतीआडची, परक्याला प्रवेश नसलेली, गर्द झाडीची जागा मुंबईत दुसरी नाही. अस्पर्शाने काही वाचायचे असते तर तिथली गिधाडे वाचायला हवी होती. ती गेली. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले, पण डुंगरवाडीवरचे आकाश तोवर रिकामे झाले होते. इंग्लंडच्या दगडफुलांचेही असेच. कोळशाच्या धुरातल्या गंधकाने शहरांतली दगडफुले भिंतीच्या आत असूनही मेली, आणि आज शेतीतून उडणारा अमोनिया नायट्रोजन न सोसणाऱ्या जातींना हटवतो आहे. आवाराची भिंत हवेला अडवत नाही.

म्हणून मग दर आठवड्याला यंत्र फिरवा, असा अर्थ कोणी काढू नये. तो मार्ग तितकाच मारक आहे. दर आठवड्याला कापलेल्या हिरवळीत काहीच फुलत नाही, कापलेला चुरा तिथेच पडून जमीन पोसतो, आणि पाट्यांच्या पायथ्याशी मारलेले तणनाशक तिथल्या दगडफुलांनाही लागते. प्लांटलाइफ संस्थेने २०१९ साली ‘नो मो मे’ मोहीम सुरू केली, मे महिन्यात यंत्र बंद ठेवा म्हणून. ती योग्यच आहे. पण लोकांनी तिचा अर्थ ‘कधीच कापू नका’ असा लावला तर जूननंतरचे काम कोण करणार? तीच संस्था पुढे गवत कापून उचलायलाही सांगते, तेवढा भाग लोकांच्या कानापर्यंत पोचत नाही.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे. मेंढ्या गेल्या, पाद्र्याला वैरण नको, रविवारी चर्चमध्ये येणारे वृद्ध आणि थोडे. दफन बंद झालेल्या आवाराची देखभाल १९७२च्या स्थानिक शासन कायद्याच्या २१५व्या कलमाने स्थानिक कौन्सिलकडे देता येते, आणि कौन्सिल ती सर्वांत स्वस्त ठेकेदाराकडे देते. ठेकेदाराला ठरावीक फेऱ्यांचे पैसे मिळतात, गवत उचलायचे मिळत नाहीत. जिथे ही गाठ सुटली आहे तिथे तोडगा साधा आहे. नव्या थडग्यांचा भाग आणि पायवाटा आखूड ठेवतात, कारण तिथे शोक करायला येणारी माणसे आहेत आणि त्यांना गुडघाभर गवत म्हणजे आपल्या माणसाची हेळसांड वाटते. जुना भाग जुलैच्या अखेरीपर्यंत तसाच ठेवून मग एकदा कापतात, शरदात गरज पडली तर पुन्हा. कापलेले गवत दोन-तीन दिवस पसरून ठेवतात म्हणजे बी झडते, मग दाताळ्याने ओढून आवाराच्या एका उन्हाळ कोपऱ्यात रचतात, यू वृक्षांच्या मुळांपासून आणि जुन्या पाट्यांपासून दूर. हा ढीग कुजताना आतून तापतो. गवती साप अंडी घालायला अशीच ऊबदार जागा शोधतो आणि पाय नसलेला सरडा, स्लो-वर्म, त्याच्याच कडेला दडतो. त्यामुळे उन्हाळ्यात मादीने अंडी घातल्यापासून पिल्ले बाहेर पडेपर्यंत तो ढीग उकरू नये, असे गवत ओढणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले असते.